माशीची साक्ष

आंबिया बहार आणि बोर्डाची परीक्षा बुलडाण्यात मागोमागच येतात. तिकडे संग्रामपूर-जळगाव जामोदच्या संत्राबागांत मधमाश्या घोंगावतात, इकडे अभ्यासिकेत रात्री दोनला कडक चहाचा तिसरा कप होतो. चहाचे कैवारी आता त्या माशीलाच साक्षीला उभं करतात. म्हणे, लिंबूवर्गीय फुलांच्या मकरंदात कॅफिन असतं, ते चाखलेल्या माशीच्या लक्षात वास पक्का राहतो. मग पोरानं काय घोडं मारलंय?

साक्ष खोटी नाही. जेराल्डिन राइट आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवलं, की कॅफिन घातलेल्या साखरपाण्यासोबत ओळख झालेला वास २४ तासांनी तिप्पट माश्यांना आठवला. पण उलटतपासणी नको? ते कॅफिन अगदी नखभर होतं. जास्त झालं की कडू लागतं नि माशी तोंड फिरवते. शिकण्याचा वेगही फारसा वाढला नव्हता, वाढलं ते टिकणं. आणि ससेक्स विद्यापीठातला २०१५ चा प्रयोग कैवारी सांगतच नाहीत. त्यात कॅफिन चाखलेल्या माश्या भांडं रिकामं झाल्यावरही तिथेच फेऱ्या मारत राहिल्या, नवा चारा शोधायला कमी गेल्या. म्हणजे चुकीची गोष्टही तितकीच घट्ट बसली. फायदा कुणाचा? परागकण वाहून घेणाऱ्या झाडाचा!

मग उत्तेजकाचा उपयोगच नाही? आहे, पण कुठे ते पाहा. कुचल्यातलं विष, स्ट्रिक्निन, जेम्स मॅगॉ यांनी १९६० च्या दशकात प्राण्यांना अगदी थोडं टोचलं, तेही धडा संपल्यावर. तरी दुसऱ्या दिवशी आठवण सुधारलेली दिसली. (मात्रा चुकली तर हाच कुचला आचके देऊन मारतो, हे गावाकडे सांगायला नको.) याचा अर्थ, धडा संपला तरी मेंदूचं काम संपत नाही; शिकलेलं मुरायचं असतं ते त्यानंतरच. आणि मुरण्याचा मोठा भाग झोपेत होतो.

कॅफिन नेमकं तिथेच आडवं येतं. थकवा कळवणाऱ्या अ‍ॅडिनोसिनची जागा ते अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त कळत नाही. दोनला प्यायलेल्यातलं साधारण निम्मं सकाळी सातला अंगात असतं, आणि पेपर अकराला.

चहा सोडा असं मी म्हणत नाही. हे लिहितानाही कप शेजारी आहे, पण दुपारचे तीन वाजलेत.