चुलीचे गोडवे

माझ्या भाच्याने रत्नागिरीकडच्या आमच्या जुन्या घरात पाहुण्यांसाठी खानावळ काढली आहे आणि रस्त्याच्या वळणावर भली मोठी पाटी लावली आहे : 'चुलीवरचे जेवण'. पाटीवर चुलीचे चित्र आहे, तव्यावर भाकरी टम्म फुगली आहे. धूर मात्र नाही. तो चित्रकाराने गाळला की भाच्याने पुसायला लावला, हे मी विचारले नाही. गेल्या दिवाळीला तिकडे गेले, तेव्हा त्या पाटीखाली मोटारी थांबवून उतरलेली मंडळी 'अहाहा, काय तो वास!' म्हणत नाके वर करताना पाहिली आणि मला राहवेना. ऐन सणात कोणाचा घास कडू करावा अशी माझी इच्छा नाही. पण थोडा झालाच, तर नरकचतुर्दशीला कारीट फोडून जिभेला लावतोच की आपण!

चुलीचे गोडवे गाणारे बहुतेक सारे जेवणारे असतात, फुंकणारे नव्हेत. बहिणाबाई चौधरींनी चूल गाण्यात आणली खरी, पण हाताला बसलेल्या चटक्यांसकट आणली. त्यांना ठाऊक होते.

मलाही थोडे ठाऊक आहे. साठीच्या दशकात, माझ्या लहानपणी, शिमगा सरला की आमच्या घरात सरपणावाचून दुसरे बोलणे नसे. आगोटीच्या आत चार महिन्यांचे जळण पडवीत येऊन पडले पाहिजे. एकदा मिरगाचा पाऊस लागला की ओले ते ओलेच. ताज्या तोडलेल्या लाकडात वजनाने जवळजवळ निम्मे पाणीच असते. ते वाफ होऊन गेल्याखेरीज लाकूड धड पेटत नाही, आणि तोवर घरात भरतो तो नुसता धूर. म्हणून लाकडे वेळेवर तोडायची, फोडायची आणि ढलपे उन्हात आडवे-उभे रचायचे, म्हणजे मधून वारा खेळतो. ऐन, किंजळ ही जळायला टिकाऊ. पांगारा भडकन पेटतो आणि भाकरी उलटेपर्यंत त्याची राख होते. झावळ्या, सोडणे, करवंट्या हे पेटवण निराळे ठेवायचे. रचलेल्या लाकडांत हात घालण्याआधी काठीने ठोकायचे, कारण विंचवालाही ती कोरडी जागा आवडते. हे सारे शहाणपण मी आनंदाने सांगते आणि त्यात खोटे काही नाही.

पण हिशेब पुरा सांगायचा तर लाकडे फोडणाऱ्या गड्याची मजुरी ठरलेली असे, शिवाय मध्ये गूळपाणी मिळे. ती रचणे, उलटणे, वळीव आला की धावत आत नेणे, श्रावणात सादळली की उद्याची लाकडे आजच चुलीच्या कडेला टेकवून शेकत ठेवणे आणि वर्षभर ती फुंकणे, हे काम आईचे. त्याला दर नव्हता.

आई जन्मात विडीला शिवली नाही. साठीत तिला अंगणाच्या दोन पायऱ्या चढताना धाप लागू लागली. डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडाला धरला आणि पहिला प्रश्न केला, "आजी तंबाखू ओढायच्या का?" आम्ही सारे हसलो. आईही हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली. २००९ साली पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लिहिले, की कधीही धूम्रपान न केलेल्यांनाही हा फुफ्फुसांचा रोग होतो आणि त्याच्या मोठ्या कारणांत सरपणाचा धूर आहे. हे आईला वाचून दाखवायला ती राहिली नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० या एका वर्षात घरातल्या धुराने जगात ३२ लाख माणसे दगावली. आता घ्या तो वास!

यावर 'चवीचे काय?' असे विचारतील. निखाऱ्यावर भाजलेले वांगे मलाही आवडते. पण चव आणतात निखारे आणि मंद आच. आई आमटी ठेवायची ती वैलावर, भडकत्या जाळावर नव्हे. डोळ्यांतून पाणी काढणाऱ्या धुराने डाळ कधी गोड झालेली मी पाहिली नाही. दुसरे म्हणतात, धुराने घराच्या वाशांना कीड लागत नाही. खरे आहे. पण वाशांना कीड लागू नये म्हणून आईची छाती धुरवायची, हा कुठला न्याय?

आणि 'आता घरोघर गॅस आला, कशाला उकरता?' म्हणणाऱ्यांशी माझे भांडण याहून मोठे आहे. उज्ज्वला योजना २०१६ साली सुरू झाली आणि तिची आठ कोटीवी जोडणी २०१९ साली आपल्याच औरंगाबादेत दिली गेली. काम मोठे झाले, मी नाव ठेवणार नाही. पण जोडणी एकदाच मिळते. सिलिंडर पुन्हा पुन्हा भरून आणावा लागतो. आमच्या वाडीत तो कोपऱ्यात झाकून ठेवलेला असतो, पाहुणा आला की चहापुरता पेटतो. रोजचा भात चुलीवर, कारण रानातले लाकूड फुकट. फुकट म्हणजे काय, तर डोक्यावरून भारा आणणाऱ्या बाईचा दिवस कोणी मोजत नाही! तिच्यासाठी वर्ध्याच्या मगनवाडीत 'मगन चूल' झाली, सरकारची 'निर्धूर चूल' झाली. निर्धूर चुलीचा राष्ट्रीय कार्यक्रम २००२ साली बंद पडला. आमच्याकडे तिचे धुराडे काजळीने तुंबले, ते साफ करायला वर कोणी चढले नाही, आणि धूर पुन्हा खाली आला. पुरुषांना माडावर चढता येते, धुराड्यापर्यंत शिडी पुरत नाही.

हे सारे मी भाच्याला ऐकवले. तो म्हणाला, "अगं आत्या, लोक मुद्दाम त्या धुरासाठी येतात."

"लोक येतात आणि तासाभरात जातात. आत बसलेली ती बाई कुठे जाते?"

तो गप्प बसला; पण मी बसले नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटे न्हाणीतली चूल पेटवायला त्यालाच पाठवले. आमच्या घरी पहिल्या आंघोळीचे पाणी तापवायला आई तीनला उठत असे. आम्ही अंगाला तेल-उटणे लावून घेत असू तेव्हा तिची अर्धी लाकडे जळून झालेली असत, आणि तिची स्वतःची आंघोळ सर्वांच्या शेवटी, कोमट पाण्याने. यंदा ऑक्टोबरात पाऊस लांबलेला, लाकडे दमट. पंधरा मिनिटांत भाचा बाहेर आला. डोळे लाल, नाक गळते आहे, हातात फुंकणी. "आत्या, ही पेटतच नाहीत!" म्हणाला. मी त्याला पेटवणाची करवंटी कुठे आहे ते दाखवले आणि पुन्हा आत धाडले.

पाटी त्याने काढलेली नाही, आणि मी काढ म्हणालेही नाही. मात्र भाऊबीजेला त्याने गवंड्याला बोलावून स्वयंपाकघराच्या भिंतीवर धुराड्याचे माप घेतले, आणि ते दर महिन्याला साफ कोणी करायचे हेही माझ्यासमोर ठरले : त्याने.