खोक्यावरचा आकडा आणि कागदावरचे अक्षर

प्रिंटर घ्यायला नागपूरच्या सीताबर्डीत गेलेल्या माणसाच्या नजरेत आधी भरतो तो खोक्यावरचा आकडा : ४८०० × १२०० डीपीआय, नाहीतर ५७६० × १४४०. शेजारच्या लेझर प्रिंटरवर मात्र नुसतेच ६००, आणि बहुतेकदा किंमत त्याचीच जास्त. गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते, कारण मोठा आकडा म्हणजे सरस छपाई असेच जाहिरातींनी त्याला शिकवले आहे. निव्वळ मजकुरासाठी बहुधा तो ६०० वालाच उजवा ठरतो. खोक्यावरचा आकडा खोटा नसतो. यंत्र काय करू शकते एवढेच तो सांगतो, कागदावर काय दिसेल हे सांगत नाही; विकला मात्र जातो दुसऱ्याच अर्थाने. ही पळवाट बंद व्हायला हवी आणि त्यासाठी नवा कायदाही लागणार नाही.

डीपीआय म्हणजे एका इंचात किती ठिपके. ४८०० हा आकडा सांगतो की शाईचे थेंब टाकणारे डोके आडवे सरकताना इंचाच्या ४८०० जागांपैकी कुठेही थेंब टाकू शकते. अशा दोन जागांमध्ये अंतर उरते जेमतेम ५.३ मायक्रॉन. आता थेंबाकडे पाहा. दोन पिकोलिटरचा थेंब घरगुती इंकजेटमध्ये चांगलाच बारीक मानला जातो. पण तो हवेत असतानाच सुमारे १६ मायक्रॉन रुंद असतो आणि कागदावर पडला की आणखी पसरतो. म्हणजे थेंब शेजारी शेजारी न पडता एकमेकांच्या अंगावर पडतात. त्याने फोटोतल्या छटा मऊ होतात, हा फायदा खरा आहे. मात्र ४८०० इतका बारीक तपशील कागदावर उमटत नाही, उमटूच शकत नाही. म्हणून तर तळटीपेत ‘ऑप्टिमाइज्ड’, ‘निवडक फोटो पेपरवर’ असे शब्द मुंगीएवढ्या अक्षरांत असतात. लेझरवाल्यांचा ‘इफेक्टिव्ह १२००’ हाही बहुधा त्याच जातीचा. उलट उदाहरण जुने आहे. एचपीचा पहिला लेझरजेट १९८४ साली ३०० डीपीआयचा होता. १९९० च्या लेझरजेट-३ मध्येही आकडा ३०० च राहिला, पण ठिपक्यांचा आकार कमीजास्त करून अक्षरांच्या कडा गुळगुळीत केल्या गेल्या. छपाई सुधारली, आकडा जागचा हलला नाही.

फोटोच्या बाबतीत घोटाळा आणखी वाढतो. साध्या लेझर प्रिंटरला करडा रंग येत नाही. काळा ठिपका द्यायचा की कागद कोरा ठेवायचा, एवढेच त्याच्या हातात. छटा दाखवायला तो आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन करतो आणि त्यातले काही भरतो. त्यातून ६५ छटा मिळतात, पण ६०० ची विभागणी होऊन इंचाला ७५ च चौकोन उरतात. वर्तमानपत्रातले फोटो साधारण १०० च्या जाळीने छापतात, म्हणजे ते याहून बारीक. शिवाय मूळ चित्रातच दम नसेल तर प्रिंटर काय करणार? व्हॉट्सअॅपवरून आलेला १६०० × १२०० चा फोटो ए-फोर कागदभर ताणला तर इंचाला १३७ च बिंदू वाट्याला येतात. प्रिंटर ६०० चा घ्या की ४८०० चा.

किती बारीक पुरे, हे शेवटी डोळा ठरवतो. हातभर अंतरावरून निरोगी डोळ्याला इंचाला सुमारे ३०० बिंदूंपलीकडचा फरक सहसा कळत नाही. दहा मीटरवरून नऊ बिंदू पुरतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत नागपूरच्या चौकाचौकांत झळकणारे नेत्यांचे फ्लेक्स म्हणूनच दुरून सुबक दिसतात आणि जवळ गेले की चेहऱ्याचे ठिपके होतात. फ्लेक्सवाल्याला हे हिशेब तोंडपाठ असतात. घरी प्रिंटर नेणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

आपल्या लिपीचा प्रश्न तर जाहिरातीत कुठेच नसतो. घ आणि ध, म आणि भ यांच्यातला फरक शिरोरेषेतल्या एका बारीक फटीवर बराच अवलंबून असतो. स्वस्त कागदावर शाई फुटली की ती फट बुजते आणि ‘धन’चे ‘घन’ होते. अनुस्वार मात्रेला चिकटतो तो वेगळाच. प्रतिज्ञापत्र किंवा खरेदीखत छापणाऱ्याला ४८०० पेक्षा ती फट शाबूत राहते का, हे कळणे जास्त गरजेचे आहे.

यावर कंपन्या म्हणतील की दर्जा ही नजरेची गोष्ट, ती मोजायची कशी? काही अंशी खरे आहे. पण रेषेची जाडी, कडांचा खडबडीतपणा, छपाईचा दाणेदारपणा मोजण्याच्या पद्धती आयएसओ १३६६० या मानकाने २००१ सालीच घालून दिल्या. काडतुसातून किती पाने निघतील आणि मिनिटाला किती छापतील, यांचे आकडे याच कंपन्या आयएसओच्या पद्धतीने जाहीर करतात. मग दर्जाच तेवढा मोजमापाबाहेर का? दुसरा आक्षेप असा की तळटीप दिली म्हणजे फसवणूक कुठे? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ लेबल आणि वेष्टनालाही जाहिरात मानतो, आणि दर्जाबाबत दिशाभूल करणे किंवा महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणे त्यात बसते. जून २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि त्याच टायपात हवा. छपाईचे यंत्र विकणाऱ्यांना खुलासा वाचता येईल असा छापणे जमू नये, हे जरा अतिच.

कागदागणिक निकाल बदलतो, असेही सांगितले जाईल. तेच तर म्हणणे आहे. दुकानात दाखवतात तो नमुना चकचकीत फोटो पेपरवरचा असतो, तर घरी वापरतात तो ७५ जीएसएमचा साधा कागद. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने यंत्राचे मूळ रिझोल्यूशन ठळक छापायला लावावे आणि सोबत त्याच साध्या कागदावर, नेहमीच्या ‘नॉर्मल’ मोडवर छापलेला आठ पॉइंटातल्या देवनागरी मजकुराचा नमुना ठेवणे बंधनकारक करावे. त्यासाठी कंपनीला दुकानामागे एका पानाचा खर्च येईल.