मारुतीची शेपटी, गंगावन आणि आपण



चैत्र महिना आला की घरातल्या आज्यांना शिवणकामाच्या ऑर्डरी सुरू होतात. शुद्ध नवमीला रामनवमी, त्रयोदशीला आपली महावीर जयंती आणि पौर्णिमेला हनुमान जयंती. आठवडाभरात तीन कार्यक्रम, आणि शाळेची वेशभूषा स्पर्धा वेगळीच. यंदा माझ्या नातवाला मारुती व्हायचे आहे. ही गोष्ट मी स्वाध्यायानंतर मंडळात बोलले आणि तिथे चांगला अर्धा तास वाद झाला. एक काकू म्हणाल्या, "आपल्या पुराणात हनुमानाला शेपटीच नाही, मग जैनाच्या मुलाला ती लावायचीच कशाला?" दुसरी मैत्रीण म्हणाली, "पोरांच्या खेळात कसले पुराण आणता?" दोघींचे थोडे थोडे पटते, म्हणून माझे मत सविस्तर लिहिते.

आधी पुराणाचे. काकूंचे म्हणणे खरे आहे. विमलसूरींच्या 'पउमचरिया'त, म्हणजे महाराष्ट्री प्राकृतातल्या आपल्या रामकथेत, आणि पुढे रविषेण आचार्यांच्या सातव्या शतकातल्या संस्कृत 'पद्मपुराणा'त हनुमान हा माकड नाही, तो विद्याधर आहे. अंजना आणि पवनंजय यांचा हा पुत्र. लहानपणी विमानातून पडला तेव्हा खालच्या शिळेचा चुरा झाला, म्हणून त्याचे नाव श्रीशैल. हनुरुह नगरात वाढला म्हणून हनुमान. आणि 'वानर' हे त्याच्या वंशाचे नाव. वानरद्वीपावर राहणाऱ्या या विद्याधरांच्या मुकुटांवर, ध्वजांवर आणि तोरणांवर राजा अमरप्रभाच्या काळापासून वानराचे चिन्ह असे.

आता गंमत बघा. आपल्या नाशिक जिल्ह्यात त्र्यंबक रस्त्यावरची अंजनेरी ही मारुतीची जन्मभूमी मानतात. त्याच अंजनेरीच्या पायथ्याशी यादवकाळातल्या जुन्या मंदिरांचे अवशेष आहेत, त्यात जैन मंदिरेही आहेत, आणि चंद्रप्रभ भगवंतांच्या मंदिराला दिलेल्या दानाचा बाराव्या शतकातला शिलालेख आहे. दुसरीकडे सटाणा तालुक्यात मांगीतुंगी. राम, हनुमान, सुग्रीव यांच्यासह ९९ कोटी मुनी तिथून मोक्षाला गेले, अशी आपली दिगंबर परंपरा. २०१६ साली तिथे १०८ फुटी ऋषभदेव भगवंतांचा पंचकल्याणक झाला तेव्हा तुमच्यापैकी कितीतरी जणी गेल्या होत्या. म्हणजे लोकांच्या श्रद्धेने जन्म इथला आणि आपल्या श्रद्धेने निर्वाणही इथलेच. असे भाग्य असलेल्या जिल्ह्यातल्या मुलाने मारुती व्हायचे नाही, हे मला पटत नाही.

मग शेपटीचे काय? माझे मत असे, की शेपटी हे चिन्ह आहे. वानरवंशी राजांनी मुकुटावर वानर मिरवला म्हणून ते माकड झाले नाहीत. मुलाने कमरेला शेपटी बांधली म्हणून त्याची श्रद्धा बदलत नाही. शेपटीशिवाय गदा घेऊन उभा राहिला तर वर्गातली मुले त्याला भीम म्हणतील. शेपटी लावावी, आणि लावता लावता त्याला आपली कथाही सांगावी. "वर्गात ज्याची शेपटी सांगतात तो मारुती आणि आपल्या पुराणातला श्रीशैल, दोघांची गोष्ट तुला यायला हवी," एवढे सांगितले की सात वर्षांच्या मुलाला पुरते. त्याने वर्गात जाऊन मित्राशी भांडू नये, हेही सांगावे. अनेकांतवाद आपण मोठ्यांना व्याख्यानातून शिकवतो. लहानांना तो असा शिकवता येतो.

मला खरी काळजी वेगळीच आहे. शेपटी असावी की नसावी यावर आम्ही अर्धा तास बोललो, पण ती कशाची असावी हे कोणीच विचारले नाही. भाड्याच्या दुकानातली वायर घातलेली मखमली शेपटी मुलांना आवडत नाही, त्यांना केसाळ हवी असते. केसाळ करायची तर केसांची पट्टी लागते. ही पट्टी म्हणजे आपल्या ओळखीचे गंगावनच. एका दोऱ्यावर किंवा शिवणीवर ओळीने केस बसवलेले असतात, वेणीत गुंफायचे तर दुमडून घेतात, आणि उलगडले की लांब झालर होते.

हे केस कोणाचे? काही माणसांचे, काही कृत्रिम धाग्याचे. पण नाटकाच्या दाढ्यामिशांत आणि टोपांत याकचे केसही वापरतात. आपण पर्समधल्या चामड्यापर्यंत चौकशी करतो, रेशीम नेसायचे का यावर वाद घालतो, मग इथे का विचारू नये? दुकानदाराला माहीत नसेल तर घरी ओळखायची सोपी युक्ती आहे. एक केस चिमट्यात धरून बेसिनपाशी जाळून बघा. माणसाचा किंवा प्राण्याचा असेल तर जळक्या पिसासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. कृत्रिम असेल तर वितळून कडक मणी होतो. माणसाचा की प्राण्याचा हे मात्र यातून कळत नाही, म्हणून वास आला तर मी तो माल घेतच नाही.

माणसाच्या केसांबद्दल मतभेद होतील. केस काढण्यात हिंसा नाही. आपले मुनी दोन ते चार महिन्यांनी स्वतःच्या हाताने केशलोच करतात, तो त्यांच्या २८ मूलगुणांपैकी एक आहे. तिरुपतीला भक्त श्रद्धेने केस अर्पण करतात आणि देवस्थान त्यांचा लिलाव करून कोट्यवधी रुपये मिळवते. दारोदार फिरणारे गुंतवळाच्या बदल्यात भांडे देतात, तेही याच व्यापारात जाते. पण ज्या बाईने डोक्यावरचे केस दिले तिच्या हाती काय पडले, हा प्रश्न माझ्यातल्या कॉमर्सवालीला सुटत नाही. एका दिवसाच्या वेशासाठी ते विकत घेऊ नयेत. घरात आईचे, सासूबाईंचे जुने गंगावन डब्यात पडलेले असेल तर ते खुशाल वापरावे, त्यासाठी नवीन काही विकावे-घ्यावे लागत नाही. मुनींची पिच्छीसुद्धा मोराने आपणहून टाकलेल्या पिसांचीच असते, तोच न्याय इथे लावावा. जुने नसेल तर कृत्रिम गंगावन. तेही नको असेल तर तागाची सुतळी उकलून कंगव्याने विंचरा, सोनेरी शेपटीला तिचा रंग अगदी शोभतो.

आता कृती आणि हिशेब. पाऊण मीटरची शेपटी धरा. आत मऊ तार, तिची दोन्ही टोके दुमडून चिकटपट्टीने बंद करावीत, नाहीतर टोचतात. तारेवर जुन्या ओढणीची पट्टी गुंडाळून सुमारे ५ सेंटिमीटर घेराचा दोर करावा. केसांची पट्टी नेहमी टोकाकडून कमरेकडे गुंडाळत जायची, म्हणजे वरच्या वेढ्याचे केस खालच्या शिवणीवर पडतात आणि ती झाकली जाते. उलटे केले तर प्रत्येक शिवण दिसते. दीड सेंटिमीटरवर एक असे ५० वेढे, प्रत्येकी ५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच मीटर पट्टी. टोकाच्या झुबक्याला अर्धा मीटर जादा. एकूण तीन मीटर. मोजूनच घ्यावी, उरलेली पट्टी नुसती पडून राहते. प्रत्येक वेढा सुईदोऱ्याने टाचावा. गरम गोंदाने काम लवकर होते, पण शेपटी ताठ होते आणि कृत्रिम केस वितळतात. वरचे टोक रुंद पट्ट्याला शिवून पट्टा कमरेला बांधावा. शेपटी चड्डीला शिवली तर मूल नाचायला लागले की चड्डी खाली येते.

दोन गोष्टी पक्क्या पाळाव्यात. हे काम स्वयंपाकघरात करू नये. आहारात केस निघाला तर मुनींना अंतराय होतो, आणि पट्टीचे केस गळत असतात. दुसरे, लंकादहनाचा प्रसंग असला तरी ही शेपटी निरांजन, समई, फटाके यांच्या जवळ नेऊ नये. कृत्रिम केस वितळून कातडीला चिकटतात, ताग तर भडकन पेटतो. ज्वाळा लाल-केशरी साटीनच्या फितींच्या कराव्यात.

खेळ संपल्यावर शेपटी फेकू नका. कृत्रिम केस म्हणजे प्लॅस्टिकच, ते मातीत कुजत नाही. विंचरून, उशीच्या जुन्या अभ्र्यात घालून ठेवा आणि पुढच्या वर्षी शेजारच्या मुलाला द्या. अपरिग्रहाला एवढा तरी हातभार लागेल.

आणि एक विनंती. जी चौकशी शेपटीसाठी, तीच चवरीसाठीही करावी. चवरी मुळात याकच्या शेपटीच्या केसांची असते, आता नायलॉनच्याही मिळतात. मंदिरासाठी पुढची चवरी घेताना विश्वस्तांनी दुकानात विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे. आमच्या मंडळातर्फे मी हा विषय पुढच्या बैठकीत मांडणार आहे. तुम्हीही आपापल्या मंदिरात मांडा.