नळयोजना आणि ग्रामपंचायतीचे दप्तर

२०१६ च्या एप्रिलात मिरजेहून निघालेली पाण्याची आगगाडी लातूरच्या स्थानकात येऊन उभी राहिली, तेव्हा मांजरा धरण कोरडे पडल्याची वार्ता देशभर पोहोचली; परंतु त्याच जिल्ह्यातील आणि शेजारच्या नांदेडमधील मुखेड-कंधारच्या डोंगराळ मुलखातील खेडी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात, त्याची दखल तितक्या तत्परतेने कोणी घेत नाही.

२०१९ साली घोषित झालेल्या जल जीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी प्रतिदिनी ५५ लिटर पाण्याचे अभिवचन दिले, हे स्वागतार्हच होय. तथापि योजना बांधणे निराळे आणि ती अव्याहत चालविणे निराळे. पंपाचे वीजबिल, नळांची दुरुस्ती आणि पाणीपट्टीची वसुली हा सारा भार ग्रामपंचायतीच्या तुटपुंज्या तिजोरीवर पडतो; पट्टी थकली की वीज तुटते, वीज तुटली की पाणी थांबते, आणि पाणी थांबल्यावर पट्टी भरण्यास कोणीही राजी होत नाही.

शिवाय उद्भवच आटला तर नळ काय कामाचा? सार्वजनिक पेयजल-उद्भवापासून ५०० मीटरच्या आत परवानगीवाचून विहीर खोदण्यास १९९३ च्या कायद्यानेच मनाई केली होती. उसासाठी सर्रास खोल बोअर घेतले जात असता ती मनाई कागदावरच राहावी, ही गोष्ट अक्षम्य आहे. जिल्हाधिकाऱ्यांनी तिचा अंमल कठोरपणे करावा, आणि प्रत्येक ग्रामसभेने पाणीपट्टीचा जमाखर्च दरमहा चावडीवर लावून घ्यावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.