परदेशी सौद्याला जाताना घरचे सिम पाकिटात नको, फोनमध्येच हवे

कल्याणच्या दूधनाक्यावर चहाच्या टेबलावर अलीकडे एक किस्सा बराच रंगवून सांगितला जातो. भिवंडीतील एक कापड व्यापारी चार दिवसांसाठी दुबईला गेले. देरा भागातील घाऊक दुकानदारांना नमुने दाखवायचे होते. विमानतळावर उतरताच त्यांनी तिथले सिम विकत घेतले आणि आपले भारतातील सिम कागदात गुंडाळून पाकिटात ठेवले. रोमिंगचे पैसे वाचले म्हणून स्वारी खुशीत होती. तिसऱ्या दिवशी इकडे गोदामात सुरतेला जाणारा ट्रक भरून तयार झाला. मुनीम ई-वे बिल काढायला बसला, पोर्टलने ओटीपी मागितला आणि तो ओटीपी गेला मालकांच्या नंबरवर. मालकांचा नंबर तर पाकिटात झोपलेला! त्यांनी निरोप पाहून सिम पुन्हा फोनमध्ये घातले, पण निघण्यापूर्वी रोमिंग चालू करून घेतलेच नव्हते, त्यामुळे ते नेटवर्क पकडेना. ट्रक रात्रभर गोदामाच्या दारात उभा राहिला. ट्रकवाल्याने खोळंब्याचे पैसे लावले, आणि सुरतेच्या गिरणीचा दिवस चुकला तो वेगळाच.

ऐकणारे हसतात. आम्हीही हसलो. परंतु घरी येऊन विचार केला तेव्हा वाटले की यात हसण्यासारखे फार थोडे आहे. मुंब्रा-कौसा, राबोडी, भिवंडी, कल्याण या पट्ट्यातून दुबई, जेद्दा, ग्वांगझौ येथे मालासाठी आणि ऑर्डरसाठी जाणारे आपले बांधव पुष्कळ आहेत. तिकीट, व्हिसा, हॉटेल यांचा हिशेब ते पैशापैशाने करतात. पण फोन आणि डेटा ही बाब मात्र 'तिकडे गेल्यावर बघू' या खात्यात टाकतात. आमच्या मते हीच चूक आहे. डेटाचा खर्च हा चैनीचा खर्च नव्हे. तो सौद्याच्या खर्चातच धरला पाहिजे.

ज्यांनी एसटीडी-आयएसडीची बूथे पाहिली आहेत त्यांना परदेशाशी बोलणे म्हणजे काय ते आठवत असेल. आखातातला भाऊ शुक्रवारी जुम्यानंतर फोन करणार म्हणून शेजारच्या दुकानात जाऊन बसायचे, आणि आपण लावायचा झाला तर मीटरच्या लाल आकड्यांवर डोळा ठेवून बोलायचे. ३१ जुलै १९९५ रोजी कलकत्ता आणि दिल्ली यांच्यात देशातला पहिला मोबाइल कॉल झाला, तेव्हाही फोन हा बोलण्यापुरताच होता. तो हरवला तर फार तर बोलणे हरवे. आज तसे राहिलेले नाही. बँक, यूपीआय, जीएसटी, ई-वे बिल, व्हॉट्सॲप ही सगळी कुलपे एकाच नंबराच्या किल्लीने उघडतात. पूर्वी पेढीचा शिक्का मालक कुणाच्या हाती देत नसे. आता तो शिक्का म्हणजे मोबाइल नंबर झाला आहे, एवढेच आपल्या लक्षात आलेले नाही.

ई-वे बिलाचेच घ्या. ५० हजार रुपयांवरील मालाला, आणि महाराष्ट्राच्या आतल्या आत १ लाखावरील मालाला, ते लागते. १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर लहानमोठ्या सर्वच व्यापाऱ्यांना पासवर्डबरोबर ओटीपी सक्तीचा झाला. हा ओटीपी नोंदलेल्या नंबरवर येतो. पण यातून वाट आहे, आणि ती सरकारनेच ठेवली आहे. पोर्टलवर मुनिमाच्या किंवा मुलाच्या नावाने उप-वापरकर्ता करता येतो आणि त्याचा ओटीपी त्याच्या स्वतःच्या नंबरवर जातो. शिवाय 'एनआयसी-जीएसटी-शील्ड' नावाचे ॲप फोनमध्ये बसवून नोंदवून ठेवले तर ते नेटवर्क नसतानाही ओटीपी दाखवते. अर्ध्या तासाचे काम आहे. आम्ही ओळखीच्या व्यापाऱ्यांना विचारले तर दहांतल्या आठांनी असे काही असते हेच ऐकले नव्हते.

दुसरी सवय याहून वाईट. काही मंडळी परदेशी जाताना आपले सिम सरळ घरीच ठेवून जातात. जुन्या फोनमध्ये घालून ते भाच्याच्या किंवा दुकानातल्या पोराच्या हाती देतात आणि ओटीपी आला की व्हॉट्सॲपवर पाठव म्हणतात. पोरगा प्रामाणिक आहे यात आम्हाला शंका नाही. पण तो घाबरलेला असतो, गिऱ्हाईक समोर असते, आणि 'तुमच्या मामांचा बँकेचा फोन आहे, आलेला आकडा सांगा' म्हणणारा भामटा नेमका अशाच वेळी गाठतो. रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक पाहा. गुप्त आकडा दुसऱ्याला दिल्यासारख्या ग्राहकाच्या निष्काळजीपणाने पैसे गेले, तर बँकेला कळवेपर्यंतचे सगळे नुकसान ग्राहकाच्याच अंगावर पडते. मालकांचा ओटीपी ही अमानत आहे. ती पोराच्या गळ्यात अडकवणे त्या पोरावरही अन्याय आहे.

मग करायचे काय? गोष्ट अवघड नाही. आजकालच्या बहुतेक फोनमध्ये दोन सिमची सोय असते. भारतातील सिम फोनमध्येच ठेवा. निघण्यापूर्वी कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेच्या पुढे आहे ना ते पाहा. मग त्या सिमचा 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. अशा वेळी एसएमएस येत राहतात, आणि बहुतेक भारतीय कंपन्यांकडे रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला पैसे पडत नाहीत. फोन उचलला तर मात्र पडतात, तेव्हा अनोळखी नंबर उचलू नका. डेटासाठी दुसऱ्या जागेत तिथले सिम किंवा ई-सिम घाला.

ई-सिम हा शब्द ऐकून काही जण दचकतात. त्यात कार्ड नसते, एवढाच फरक. विकत घेतल्यावर एक चौकोनी ठिपक्यांचे चित्र मिळते, ते फोनने टिपले की सिम बसते. मात्र बसवायला इंटरनेट लागते, म्हणून हे काम घरीच उरका. परक्या विमानतळावर त्यासाठी वाय-फाय शोधत फिरू नका. आपला फोन ई-सिमचा आहे की नाही तेही आधी पाहा. चीनच्या मुख्य भूमीवर विकले जाणारे बहुतेक फोन ई-सिम घेत नाहीत, आणि मनीष मार्केटातून स्वस्तात आणलेला फोन त्यांतला निघू शकतो. खरेदी कुठून करायची याचाही विचार हवा. जानेवारी २०२४ मध्ये दूरसंचार विभागाच्या सांगण्यावरून एअरॅलो आणि होलाफ्लाय या दोन परदेशी विक्रेत्यांची ॲप भारतातील ॲपल आणि गूगलच्या ॲप-दुकानांतून काढण्यात आली, कारण आवश्यक परवानगीशिवाय विक्री चालली होती. तेव्हा ज्याने पैसे घेतले त्याचा पत्ता-ठिकाणा आपल्याला माहीत असावा.

दौरा तीन-चार दिवसांचाच असेल आणि कटकट नको असेल तर भारतीय कंपनीचा रोमिंग पॅकही वाईट नाही. महाग पडतो, पण एका दिवसाच्या सौद्यापुढे ती रक्कम किती? आम्ही तर म्हणू, पहिल्यांदा जाणाऱ्याने तोच घ्यावा.

आता ठिकाणांविषयी. दुबईत तिथल्या सिमवर व्हॉट्सॲपचा लिखित निरोप जातो, फोटो जातो, पण आवाजाचा किंवा व्हिडिओचा कॉल लागत नाही. त्यासाठी बोटिम, झूम, टीम्स अशी तिथल्या सरकारने परवानगी दिलेली ॲप आहेत. तीच वापरा आणि घरच्यांच्या फोनमध्येही आधी घालून ठेवा. कुणी 'व्हीपीएन टाक, सगळे चालते' म्हणाला तर कानाआड करा. पत्ता लपवून गुन्हा करणाऱ्याला किंवा तो झाकणाऱ्याला तिथल्या २०२१ च्या कायद्यात ५ लाख दिरहमपासून २० लाख दिरहमपर्यंत दंड आहे. कोणता वापर त्यात बसतो याचा वाद परमुलखात पोलिसांशी घालण्याची हौस कुणाला असेल असे वाटत नाही.

चीनचे गणित उलटे आहे. ग्वांगझौमध्ये १९५७ पासून कँटन फेअर भरते, वर्षातून दोनदा, तीन टप्प्यांत. हार्डवेअर पहिल्या टप्प्यात, कापड आणि कपडे तिसऱ्यात. (त्याच शहरात ह्वाईशेंग ही फार जुनी मशीद आहे. मालाच्या धावपळीत तिथे दोन रकात पढून यावे.) तिथल्या सिमवर किंवा हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप, जीमेल, गूगलचा नकाशा यांतले काहीच चालत नाही. भारतीय सिमचे रोमिंग मात्र सर्वसाधारणपणे चालते, कारण रोमिंगवरचा डेटा फिरून भारतातल्या कंपनीच्या यंत्रणेतून जातो. म्हणजे दुबईत जे स्थानिक सिम स्वस्त आणि बरे, तेच चीनमध्ये व्हॉट्सॲपवर धंदा चालवणाऱ्याला आंधळे करते. पैसे देण्याचीही तीच तऱ्हा. फळवालासुद्धा अलीपे मागतो. २०२३ पासून त्यात परदेशी व्हिसा-मास्टरकार्ड जोडणे सोपे झाले आहे, पण जोडताना आपली बँक ओटीपी पाठवू शकते. म्हणून कल्याणला बसूनच ते जोडा, आणि कार्डाचा परदेशातील वापर बँकेच्या ॲपमधून चालू करा. नवी कार्डे २०२० पासून फक्त देशातल्या वापरासाठीच चालू होऊन येतात.

डेटा कुठे गळतो हेही पाहिले पाहिजे. आपण बोलतो त्याने तो फारसा संपत नाही. दिवसभरात टिपलेले शंभर फोटो फोन आपणहून वर चढवतो, ॲप आपणहून नवी होतात, कौटुंबिक ग्रुपवरचे शादीचे व्हिडिओ आपणहून उतरतात, त्याने संपतो. हे तीन नळ घरूनच बंद करा. शहराचा नकाशा आधी उतरवून ठेवा. नमाजच्या वेळाही उतरवून ठेवता येतात.

यात ज्याचे नाव कुणी घेत नाही असा एक माणूस आहे, तो म्हणजे इकडे बसलेला कारागीर. राबोडीतला जरीवाला किंवा भिवंडीतला चार मागांचा धनी विमानात बसत नाही. त्याचा नमुना दुसऱ्याच्या बॅगेतून जातो. समोरचा अरब व्यापारी म्हणतो, काठ दोन बोटे रुंद हवा, रंग असा हवा, किती दिवसांत द्याल? त्या क्षणी कारागिराला फोटो गेला आणि त्याचा 'होय' आला तर ऑर्डर तिथेच वहीत चढते. रात्री हॉटेलवर जाऊन वाय-फायवर विचारतो म्हटले की तोपर्यंत शेजारच्या गाळ्यात दुसऱ्या देशाचा माल पसंत झालेला असतो. वाचवलेल्या डेटाचे पैसे व्यापाऱ्याच्या खिशात राहतात. गेलेल्या ऑर्डरची मजुरी मात्र कारागिराच्या घरातून जाते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सॲपसारख्या ॲपना असा निर्देश दिला की ज्या सिमवर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असेल तरच खाते चालावे. फसवणूक रोखण्यासाठी हे आहे, आणि सरकारचा कल कोणीकडे आहे ते यावरून दिसते. बहुतेक यूपीआय ॲप तर आधीपासूनच सिम काढले की पुन्हा पडताळणी मागतात.

आमची विनंती दोघांना आहे. आपल्याकडच्या ट्रॅव्हल एजंटांनी तिकिटाबरोबर या सूचनांचा एक कागद मराठीत आणि उर्दूत छापून द्यावा. आणि माग मालकांच्या व कापड व्यापाऱ्यांच्या संघटनांनी हंगामापूर्वी एका संध्याकाळी, इशाच्या नमाजनंतर, फोन दुरुस्त करणाऱ्या एखाद्या जाणत्या पोराला बोलावून सर्वांच्या फोनमधल्या या जागा दाखवाव्यात. दूधनाक्यावरचे ते व्यापारी पुढच्या महिन्यात पुन्हा दुबईला निघाले आहेत. मुनिमाचे नाव त्यांनी पोर्टलवर उप-वापरकर्ता म्हणून नोंदवले आहे, असे परवाच त्यांनी आम्हाला सांगितले. रोमिंग चालू केले का म्हणून विचारले तर म्हणाले, आज करतो.