किती जणांनी पाहिले?

पूर्वी पारावर चार माणसे जमली की पहिला प्रश्न असे, "पाऊस कुठवर आला?" आता त्याच्या जोडीला दुसरा प्रश्न आला आहे, "व्हिडिओला किती व्ह्यूज आले?" २०१६ नंतर मोबाइलचे इंटरनेट स्वस्त झाले आणि वाडीवस्तीवरची पोरेपोरी व्हिडिओ काढू लागली. कुणी डाळिंबाची छाटणी समजावून सांगतो, कुणी आजीच्या हातची शेंगोळी चुलीवर शिजताना दाखवते, कुणी गावातल्या नमुन्यांच्या नकला करतो. यात नावे ठेवण्यासारखे काही नाही. शेतकऱ्याच्या घरातली बोली, रांधप आणि विनोद जगापुढे जात असेल तर ते चांगलेच आहे.

पण या उद्योगात एक कीड हळूच शिरते. मुलगा चार दिवस खपून, शेतात उन्हात उभा राहून छाटणीचा नीट व्हिडिओ करतो, आणि तो तीनशे माणसे पाहतात. त्याच मुलाने ट्रॅक्टर चिखलात गरगर फिरवला की तो लाखभर माणसे पाहतात. मग त्याच्या मनात येते, "एवढे कष्ट कशाला करायचे?" हा प्रश्न आळशाचा नाही, कष्टाळू माणसाचा आहे. म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

आधी हे माप कसले, ते पाहू. आपल्याला दूध डेअरीचा अनुभव आहे. डेअरीत नुसत्या लिटरवर पैसे मिळाले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको. विहीर जवळच असते! म्हणून फॅट आले, मग एसएनएफ आले. माप जसे असेल तसा माणूस वागू लागतो. ते काही एकट्याचे पाप नाही, तो मापाचा गुण आहे.

यूट्यूबचेही असेच झाले. हे दुकान २००५ साली सुरू झाले. पुष्कळ वर्षे तिथे व्हिडिओ किती वेळा उघडला गेला, यावर भर होता. त्यामुळे लोक दारावर एक पाटी लावू लागले आणि आत भलताच माल ठेवू लागले. २०१२ मध्ये कंपनीने माप बदलले. किती मिनिटे पाहिले, याला महत्त्व आले. मग पाच मिनिटांची गोष्ट पंधरा मिनिटे लांबवण्याची विद्या निघाली. दुधात पाणी घालण्याचाच तो प्रकार, फक्त भांडे निराळे. पुढे ३१ मार्च २०२५ पासून शॉर्ट्स म्हणजे छोट्या व्हिडिओंची मोजणी बदलली. व्हिडिओ सुरू झाला की एक व्ह्यू धरू लागले, तो किती सेकंद पाहिला याची अट उरली नाही. कित्येकांचे आकडे त्यामुळे फुगले. काम तेच, कष्ट तेच, फक्त मापटे बदलले. जो आकडा दुसऱ्याच्या मर्जीने असा एका रात्रीत वाढतो, त्यावर आपली लायकी कशी ठरवायची?

आकड्यालाच घर समजणाऱ्यांचे काय होते, तेही आपण पाहिले आहे. २९ जून २०२० रोजी सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यातल्या कितीतरी पोरांचे लाखांनी मोजलेले चाहते त्या एका दिवसात हातचे गेले. ज्यांच्या अंगी खरोखर काही कसब होते, त्यांना दुसरीकडे नव्याने मांडणी करता आली. ज्यांच्याजवळ फक्त आकडा होता, त्यांच्याजवळ काहीच राहिले नाही.

आता पैशाचे बोलू, कारण घरात तो प्रश्न निघतोच. यूट्यूबवर जाहिरातीच्या उत्पन्नात वाटा मिळवायचा तर १,००० सबस्क्रायबर लागतात. शिवाय मागच्या १२ महिन्यांत लोकांनी ४,००० तास पाहिलेले असावे लागते, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एका माणसाने सरासरी चार मिनिटे पाहिले असे धरले, तर वर्षाला ६०,००० वेळा व्हिडिओ पाहिला गेला पाहिजे. त्यानंतर मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचे ५५ टक्के आपल्याला मिळतात, पण १०० डॉलर साठेपर्यंत रक्कम बँकेत येत नाही. आणि या पिकाला हमीभाव नाही. जाहिरात कमी-जास्त होते, तसा दर कमी-जास्त होतो. तेव्हा पहिले वर्ष हे बागेच्या पहिल्या वर्षासारखे समजावे. लागवड करायची, पाणी द्यायचे, पण फळाच्या भरवशावर कर्ज काढायचे नाही. दावणीची म्हैस विकून कॅमेरा घेणे हे तर मुळीच शहाणपणाचे नाही. हातात आहे तो मोबाइल, सकाळचे ऊन आणि स्वच्छ आवाज, एवढ्यावर सुरुवात होते.

मग आकडे पाहूच नयेत का? पाहावेत, पण डेअरीच्या बिलासारखे. बिल दहा दिवसांनी येते. म्हणून आपण रोज तासातासाला चिठ्ठी काढून बघत नाही, आणि एका वेळी फॅट कमी लागले म्हणून गाय बाजारात नेत नाही. तसे आठवड्यातून एक वार ठरवावा, वही घेऊन बसावे आणि आकड्यांना नेमके प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न थंबनेलचा, म्हणजे व्हिडिओच्या दारावरच्या चित्राचा. ते शंभरदा लोकांसमोर आले तर उघडले किती वेळा गेले? यूट्यूबच स्वतः सांगते की निम्म्या चॅनेलांचा हा आकडा २ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे शंभरातले नव्वदाहून अधिक लोक पुढे जाणारच. आठवडी बाजारात आपल्या पाटीपुढून जाणारा प्रत्येक माणूस वांगी घेतो काय? दुसरा प्रश्न, पहिल्या तीस सेकंदांत किती लोक निघून गेले? पुष्कळ गेले असतील तर नमस्कार-चमत्कार फार लांबले, किंवा पाटीवर एक आणि आत दुसरे झाले. ही चूक सुधारता येते. तिसरा प्रश्न, लोक आले कुठून? स्वतः शोधून आले असतील तर त्यांना ती गोष्ट हवी होती. असा व्हिडिओ पुढच्या हंगामात पुन्हा चालतो. छाटणीची माहिती दर बहाराला लागते. चिखलातला ट्रॅक्टर एकदा पाहिला की झाले.

आणखी एक आकडा पोरांची झोप उडवतो. नवा व्हिडिओ टाकला की यंत्र सांगते, तुमच्या मागच्या दहा व्हिडिओंत याचा नंबर कितवा. दहावा आला की पोराचे तोंड उतरते. अहो, दहा जणांची रांग लावली की कुणीतरी दहावा उभा राहणारच! दहाही उत्तम असले तरी एक शेवटचा असतोच. हे साधे गणित घरातल्या मोठ्यांनी त्याला समजावून सांगावे.

आकडा काय सांगू शकत नाही, ते मात्र विसरू नये. तीनशे माणसांनी छाटणी पाहिली. त्यातल्या दहा जणांची बाग सुधारली तर ते कुठल्या खान्यात लिहून येते? गावातल्या सभागृहात तीनशे शेतकरी बोलावून तज्ज्ञाचे भाषण ठेवले असते, तर आपण म्हटले असते, "सभा दणक्यात झाली!" मोबाइलवर तेच तीनशे आपल्याला थोडे वाटतात.

उलट मोठा आकडा कधी कधी फार महाग पडतो, आणि तो दुसऱ्याला पडतो. "एका फवारणीत बोंडअळी कायमची गायब" असे मथळ्यात लिहिले की लोक धावत येतात. पण ते खरे मानून कुणी दोन-तीन विषारी औषधे एकत्र मिसळली तर? २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा उघड्या हातांनी, तोंडाला फडके न बांधता औषध कालवताना दाखवणारा व्हिडिओ कितीही चालला तरी तो टाकू नये. जे आपण आपल्या शेतात करून पाहिले नाही, ते "करून पाहा" म्हणून सांगू नये. एक खोटा मथळा वाचून शेजाऱ्याचा हंगाम गेला, तर त्याची भरपाई व्ह्यूजमधून होत नाही.

मग कष्ट आणि आकडा यांचा मेळ कसा घालावा? आपले वाडवडील घालत आले तसाच. कपाशीत तुरीच्या ओळी असतात. एक पीक बाजारासाठी, दुसरे घरच्या डाळीसाठी. महिन्याला चार व्हिडिओ करायचे असतील, तर तीन लोकांना सध्या हवे ते करावेत, बाजारभाव पाहून. चौथा मात्र आपल्या मनाचा करावा. आजोबांची मोट कशी चाले, जात्यावर दळण कसे पडे, गावच्या ओढ्याला पाणी का राहत नाही. त्या चौथ्याचा आकडा पाहायचाच नाही, असे आधीच ठरवावे. आणि कोणत्या व्हिडिओवर किती दिवस खर्चायचे, हे चित्रीकरणापूर्वी ठरवावे. नंतर आकडा पाहून "कष्ट वाया गेले" म्हणण्याची पाळी येत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या सारोळा कासारच्या सुमन धामणे आपल्याला 'आपली आजी' म्हणून ठाऊक आहेत. २०२० साली नातवाच्या मदतीने त्यांचे चॅनेल सुरू झाले. लोकांना ते नवे वाटले, पण आजींचा हात काही त्या वर्षी बसला नव्हता. त्यामागे जन्मभराचे रांधणे होते. मात्र एक ध्यानात ठेवावे. असे यश आपल्याला दिसते, कारण ते यशस्वी झाले. ज्यांनी तेवढ्याच कळकळीने केले आणि चालले नाही, ते आपल्याला दिसत नाहीत. विक्रमी पीक घेणाऱ्याचा फोटो छापून येतो, बाकीच्या गावाचा येत नाही. म्हणून त्यांच्याकडून हात बसवणे शिकावे, नशिबाची बरोबरी करू नये.

शेवटी घरच्या माणसांना विनंती. मुलगा किंवा सून व्हिडिओ करून घरात आली की "किती जणांनी पाहिले?" हा प्रश्न आधी विचारू नका. "आज काय दाखवलेस?" असे विचारा. तिच्याजवळ बसून तो व्हिडिओ एकदा पाहा. चुकीचे काही सांगितले असेल तर सांगा, कारण पेरणी, बियाणे आणि ढोरे यांतले तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त कळते. आणि शेतातली, गोठ्यातली, शाळा-कॉलेजातली कामे आटोपून ती बसली आहे ना, एवढे पाहा. मग तिचा आकडा लहान असो की मोठा, तो आठवड्यातून एकदाच वहीत लिहिला जाईल आणि वही मिटून ठेवली जाईल.