आभाराच्या ओळीचे मोल

सातारा असो वा सांगली, कोणत्याही समारंभात एक क्षण ठरलेला असतो. अध्यक्षांचे भाषण संपते, सूत्रसंचालक ‘आता आभारप्रदर्शन’ असे जाहीर करतो आणि सभागृहात खुर्च्या सरकू लागतात. कोणी चपला शोधतो, कोणी चहाच्या दिशेने निघतो. मंडप घालणाऱ्यापासून ध्वनिक्षेपकवाल्यापर्यंत ज्यांच्यामुळे तो कार्यक्रम पार पडला, त्यांची नावे पाठमोऱ्या लोकांना ऐकवली जातात. पुस्तकातल्या ऋणनिर्देशाची गत याहून निराळी नाही. प्रस्तावना वाचणारे थोडे आणि ऋणनिर्देश वाचणारे त्याहून थोडे.

संगणकातही असे एक पान असते. आपल्या घरच्या संगणकावर लग्नाचे, बारशाचे, सहलीचे फोटो ज्या प्रोग्रॅममधून आपण पाहतो, त्याच्या ‘हेल्प’ या यादीत अगदी शेवटी ‘अबाउट’ हा शब्द सापडतो. त्यावर टिचकी मारली की एक लहानशी चौकट उघडते. तीत काही नावे असतात. ही चौकट आपल्यापैकी किती जणांनी उघडली असेल? आज रविवार आहे, थोडा निवांतपणा आहे, म्हणून या नावांविषयी बोलावे असे वाटते.

गोष्ट १९९० च्या आसपासची. संगणकावर छायाचित्र पाहणे ही तेव्हा चैन होती. ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे एक रंगीत चित्र जसेच्या तसे साठवायचे तर नऊ लाखांहून अधिक बाइट लागत. त्या काळच्या फ्लॉपीत जेमतेम पावणेपंधरा लाख बाइट मावत. म्हणजे एका फ्लॉपीवर एक फोटो! यावर उपाय म्हणून जगभरच्या तज्ज्ञांच्या एका संयुक्त समितीने १९८६ पासून काम करून ‘जेपेग’ ही पद्धत ठरवली आणि १९९२ मध्ये तिला अंतिम मान्यता मिळाली.

ही पद्धत आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. कारखान्यात एक टन ऊस गेला की ११० ते १२० किलो साखर हाती येते. बाकीचे पाणी, चोथा, मळी. जेपेगचा गाळपही असाच. माणसाचा डोळा उजेड-अंधाराचा फरक बारकाईने टिपतो, रंगातले सूक्ष्म फरक मात्र त्याला फारसे कळत नाहीत. म्हणून चित्राचे आठ गुणिले आठ ठिपक्यांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकड्यातले डोळ्याला न जाणवणारे बारकावे गाळायचे आणि उरलेला ‘अर्क’ तेवढा साठवायचा. मूळ आकाराच्या दहाव्या हिश्शात चित्र बसते आणि पाहणाऱ्याला काही हरवल्यासारखे वाटत नाही.

पण पद्धत कागदावर ठरली म्हणजे चित्र पडद्यावर दिसले असे नाही. तो ग्रंथ वाचून प्रत्यक्ष चालणारा प्रोग्रॅम कोणीतरी लिहायला हवा होता. हे काम टॉम लेन या संगणकतज्ज्ञाने जुळवून आणलेल्या काही हौशी मंडळींनी केले. ‘इंडिपेंडंट जेपेग ग्रुप’ हे त्यांनी स्वतःला दिलेले नाव. ऑक्टोबर १९९१ मध्ये, म्हणजे पद्धतीला अंतिम शिक्का बसण्याच्याही आधी, त्यांनी आपले काम जगापुढे मोफत ठेवले. फिलिप ग्लॅडस्टोन, जिम बाउचर, ली क्रॉकर अशी नावे त्यांच्या यादीत आहेत. यातल्या क्रॉकर यांनी पुढे २००२ मध्ये विकिपीडियाचा प्रोग्रॅम नव्याने लिहिला. म्हणजे आपली मुले मराठी विकिपीडिया उघडतात, तेव्हाही त्यामागे याच यादीतला एक हात असतो.

या मंडळींनी आपल्या कामाचे पैसे मागितले नाहीत. अटी अगदी साध्या होत्या. पैकी एक मुद्दाम ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तयार प्रोग्रॅम कोणाला दिलात, विकलात तरी चालेल. मात्र सोबतच्या माहितीपत्रकात हे काम अंशतः आमच्या गटाच्या कामावर आधारलेले आहे, अशी एक ओळ लिहा. बस्स. किंमत म्हणून मागितली ती आभाराची एक ओळ!

त्यांच्या या कामावर इतरांनी इमले चढवले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जॉन ब्रॅडली यांचा ‘एक्सव्ही’ हा चित्रे पाहण्याचा प्रोग्रॅम त्या काळी विद्यापीठांच्या प्रयोगशाळांत फार लोकप्रिय होता. तो ‘शेअरवेअर’ होता. हा शब्द आताच्या मुलांना कदाचित ठाऊक नसेल. आधी वापरा, मित्रांना वाटा, आवडला तर लेखकाला पैसे पाठवा, असा तो व्यवहार. १९८२ मध्ये अँड्र्यू फ्लुगेलमन आणि जिम नॉफ या दोन अमेरिकी गृहस्थांनी, एकमेकांना न विचारता, ही प्रथा पाडली. ब्रॅडली यांनीही घरगुती वापर करणाऱ्याला सांगितले, उपयोगी वाटला तर २५ डॉलर पाठवा. संस्था आणि कंपन्यांना मात्र नोंदणी सक्तीची. आणि माहितीपत्रकात त्यांनी जेपेग गटाचे, टिफ या प्रकारच्या चित्रांसाठी सॅम लेफ्लर यांचे नाव घेतले. ज्याला आभार हवे होते, त्याने आधी दुसऱ्यांचे मानले होते.

आरन गाइल्स या तरुणाने मॅकिन्टॉश संगणकासाठी ‘जेपेगव्ह्यू’ लिहिला. त्याचे मोल तर पैशातही नव्हते. आवडला तर आपल्या गावाचे एक चित्र-पोस्टकार्ड पाठवा, एवढेच. आणि आपल्याकडच्या दुकाना-दुकानांत, कचेऱ्यांत ज्याचे नाव ऐकू येते तो ‘इरफानव्ह्यू’ मूळ बोस्नियाच्या यायत्से गावच्या इरफान श्किल्यान यांनी व्हिएन्नात शिकत असताना १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. घरी वापरायला तो मोफत आहे. धंद्यासाठी वापरणाऱ्याने नोंदणी करून पैसे भरावेत, अशी अपेक्षा आहे. त्याची अनेक भाषांतली रूपे जगभरच्या स्वयंसेवकांनी करून दिली आहेत.

आता आपल्याकडे पाहू. १९९० च्या दशकात सांगली-साताऱ्याकडे संगणक आले ते छापखान्यांच्या, संगणक शिकवणी वर्गांच्या आणि फोटो स्टुडिओंच्या मार्गाने. आणि त्यांच्याबरोबर आल्या कॉपी केलेल्या फ्लॉप्या. त्या फ्लॉप्यांत हजारो रुपयांचे चोरीचे प्रोग्रॅम असत आणि लेखकाने स्वखुशीने वाटलेले शेअरवेअरही असे. आपण दोन्ही एकाच सहजतेने उतरवून घेतले. ज्याने ‘घेऊ नका’ म्हटले त्याचेही घेतले आणि ज्याने ‘खुशाल घ्या’ म्हटले त्याचेही घेतले. हा खरा तोटा पैशांचा नव्हता. दान आणि चोरी यांतला भेद आपल्या नजरेतून पुसला गेला, हा तोटा मोठा.

त्या वेळी एक सबब खरी होती, हेही मान्य केले पाहिजे. १९९३ च्या भावाने २५ डॉलर म्हणजे पावणेआठशे रुपयांच्या आसपास. परकीय चलनाचे नियम कडक; सामान्य माणसाने परदेशी पैसे पाठवायचे तर बँकेत हेलपाटे घालावे लागत. पण पोस्टकार्डाला कोणता नियम आडवा येत होता? सांगलीच्या गणपती मंदिराचे किंवा साताऱ्याच्या चार भिंतीचे चित्र आपल्यातल्या किती जणांनी पाठवले असेल? आज तर तीही सबब उरली नाही. घरबसल्या कार्डावरून परदेशी पैसे भरता येतात आणि पत्र क्षणात पोचते.

कोणी म्हणेल, त्यांनी आपण होऊन दिले, मग आभाराचा हिशेब कशाला? या प्रश्नाचे उत्तर आपल्याच जिल्ह्यांनी फार पूर्वी देऊन ठेवले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली. गावोगावच्या बायाबापड्यांनी रोजच्या दळणातून बाजूला काढलेले मूठभर धान्य, हा ‘मुष्टी फंड’, तिच्या वसतिगृहांचा आधार होता. मूठ लहान, पण देणारी हजारो घरे. शेअरवेअरचा हिशेब याहून वेगळा काय होता? मूठ न देणाऱ्याला कोणी शाळेतून हाकलले नाही. पण मुठी आल्याच नसत्या तर शाळाच राहिली नसती.

दुसरे उदाहरण वाईचे. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी तेथे मराठी विश्वकोशाचे काम उभे केले आणि १९७६ मध्ये पहिला खंड प्रसिद्ध झाला. विश्वकोशातली कोणतीही नोंद वाचा, तिच्या शेवटी लिहिणाऱ्याचे नाव सापडते. नोंद चार ओळींची असो की चार पानांची, नाव असतेच. हा केवळ शिष्टाचार नाही. नाव लिहिले की कामाला धनी मिळतो, चुकले तर विचारायला माणूस मिळतो आणि उद्याच्या तरुणाला ‘हे काम माणसेच करतात, मीही करू शकेन’ असे वाटू लागते.

नाव न घेतल्याने काय होते, याचे दाखले संगणकाच्या जगात ताजे आहेत. बँकेचे व्यवहार गुप्त राखण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘ओपनएसएसएल’ या प्रोग्रॅममध्ये एप्रिल २०१४ मध्ये मोठे छिद्र सापडले. तेव्हा उघड झाले की, ज्यावर कोट्यवधी लोक विसंबून होते, त्या कामाला देणग्या मिळत होत्या वर्षाला जेमतेम दोन हजार डॉलर. मार्च २०२४ मधली हकीकत आणखी बोलकी आहे. फायली आकसून साठवणारा ‘एक्सझेड’ हा प्रोग्रॅम फिनलंडमधला एक गृहस्थ वर्षानुवर्षे जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. पूर्वीसारखे लक्ष देणे जमत नाही, असे त्याने उघड सांगितलेही होते. आभार राहिले दूर, उशीर का होतो म्हणून तगादे मात्र लागले. अशा वेळी मदतनीस म्हणून पुढे आलेल्या एका अनोळखी नावाने दोन वर्षांत विश्वास संपादन केला आणि त्या कामात चोरदरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या सावध तंत्रज्ञाला आपला संगणक अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतो आहे, एवढ्यावरून शंका आली, म्हणून अनर्थ टळला. एकट्या पडलेल्या माणसाच्या दाराशी कोण येऊन उभे राहते, याचा हा धडा आहे.

सांगलीकरांना तर हा विषय आणखी जवळचा वाटावा. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते. ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. अशा पुरात तळमजल्यावरच्या कपाटातला अल्बम वाचत नाही. ओली पाने एकमेकांना चिकटतात आणि आजीचा चेहरा चिखलात विरघळतो. त्याच फोटोची प्रत कोणी स्कॅन करून नातलगांकडे ठेवलेली असेल, तर तो चेहरा मात्र राहतो. पण तो संगणकातल्या आकड्यांच्या ओळीत राहतो. ते आकडे पुन्हा चेहऱ्यात बदलणारा प्रोग्रॅम पंचवीस-तीस वर्षांनंतरही कोणी जागता ठेवला नसेल, तर तो अल्बमही बुडालाच म्हणायचा. आज १९९० च्या दशकातला जेपेग फोटो सहज उघडतो, हा चमत्कार नव्हे. काही माणसांनी न कंटाळता केलेल्या देखभालीचे ते फळ आहे.

मोठ्या कंपन्या अशा फुकटच्या कामावर अब्जावधी कमावतात, पहिली जबाबदारी त्यांची, हे म्हणणे रास्तच आहे. सरकारी खाती आणि बँका यांनाही ते लागू आहे. पण त्यांनी दिले नाही म्हणून आपण देऊ नये, हा न्याय मुष्टी फंडाच्या जिल्ह्यांना शोभत नाही.

मग घरातल्या घरात काय करता येईल? आज संध्याकाळी मुलांना जवळ बसवून ज्या प्रोग्रॅममधून आपण फोटो पाहतो त्याची ‘अबाउट’ची चौकट उघडावी आणि नावे मोठ्याने वाचावीत. दुकानात किंवा कार्यालयात असा प्रोग्रॅम वापरत असू आणि त्याच्या लेखकाने शुल्क सांगितले असेल, तर दिवाळीच्या वहीपूजनाआधी ते भरून टाकावे. घरी मोफत वापरत असू, तर चार ओळींचे पत्र लिहावे. त्यात गावाचे नाव लिहावे, आपण काय पाहतो ते लिहावे. मोडकी इंग्रजी चालेल. घरातल्या ज्या मुला-मुलीला संगणकाची गोडी आहे, त्यांनी एखाद्या प्रोग्रॅमचे मराठी भाषांतर करून पाठवावे, म्हणजे त्या नावांच्या यादीत एक मराठी आडनावही येईल. शाळांनी संगणकाच्या तासाला बटणे शिकवतानाच त्यांमागची नावेही शिकवावीत.

व्हिएन्नात किंवा अमेरिकेत बसलेल्या माणसाला आपल्या कामामुळे कृष्णाकाठच्या एका घरात गेलेली आजी नातवंडांना पाहायला मिळते, हे कधी कळणार? आपण कळवले तरच. त्याला पत्र टाकायला पाच मिनिटे पुरतात, आणि रविवारची दुपार अजून बाकी आहे.